‘सीदिक बाले’ : वुशेचा उठाव, ब्लॅक मेटल आणि पराभूतांच्या स्मृतीचा प्रश्न

२००५ साली तैवानमधील ‘थॉनिक’ या ब्लॅक मेटल बँडचा ‘सीदिक बाले’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. जपानी राजवटीविरुद्ध मध्य तैवानच्या डोंगराळ प्रदेशातील सीदिक आदिवासींनी २७ ऑक्टोबर १९३० रोजी केलेला उठाव हा या अल्बमचा विषय आहे. ‘सीदिक बाले’ या सीदिक भाषेतील शब्दांचा अर्थ ‘खरा माणूस’ असा होतो. विद्युत गिटारचा अखंड कल्लोळ, ढोलताशांचा अतिवेगवान आघात आणि मानवी आवाजाची किंकाळी यांच्या साहाय्याने एका जमातीच्या सर्वनाशाची कथा सांगण्याचा हा खटाटोप प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि इतिहासलेखनाच्या दृष्टीने त्यात एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे. पराभूतांची कथा त्यांचे वारस नसलेल्यांनी सांगावी काय, आणि सांगितली तर तिचे काय होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार अल्बमचा संगीतप्रकार, त्यामागील ऐतिहासिक घटना आणि त्या घटनेचे उत्तरायुष्य अशा क्रमाने केला आहे.

१. पूर्वजांच्या शोधातील संगीत

‘ब्लॅक मेटल’ ही संज्ञा इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’ या बँडने १९८२ साली काढलेल्या अल्बमच्या नावावरून रूढ झाली. व्हेनमचे सैतानपूजन बव्हंशी रंगमंचीय होते. या प्रकाराला इतिहासाची ओढ लावली ती स्वीडनमधील ‘बाथोरी’ने. १९८८ चा ‘ब्लड फायर डेथ’ आणि १९९० चा ‘हॅमरहार्ट’ या अल्बममधून सैतानाची जागा हळूहळू ख्रिस्तपूर्व नॉर्डिक देवतांनी आणि वायकिंग पूर्वजांनी घेतली. गीते दीर्घ झाली, वृंदगान आले आणि गीतामागून गीत गुंफून एकच आख्यान उभे करण्याची शक्यता दिसू लागली.

नॉर्वेत मात्र पूर्वजांच्या या ओढीने हिंसक वळण घेतले. ख्रिस्ती धर्म परका असून त्याने आमच्या पूर्वजांचा वारसा पुसून टाकला, अशी धारणा तेथील काही तरुण वादकांत बळावली. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळील फांटोफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले. त्यानंतर अशा आगींची मालिकाच सुरू झाली. १० ऑगस्ट १९९३ रोजी ‘मेहेम’ या बँडचा गिटारवादक ऑयस्टीन आर्सेथ याचा खून दुसऱ्या एका वादकाने केला. या घटनांमुळे ब्लॅक मेटल म्हणजे केवळ गुन्हेगारी आणि विद्वेष असे समीकरण जगभर पक्के झाले. याच काळात ‘एम्परर’सारख्या बँडनी कळफलकाच्या साहाय्याने या संगीताला वाद्यवृंदाचा विस्तार दिला. पुढे तैवानपर्यंत जो प्रवाह पोहोचला, तो मुख्यत्वे हाच विस्तारित, आख्यानक्षम प्रवाह होय.

नॉर्वेतील तरुणांच्या दाव्यात एक मूलभूत दुबळेपणा होता. नॉर्वेचे ख्रिस्तीकरण होऊन सुमारे हजार वर्षे उलटली होती आणि त्या देशात हे तरुण बहुसंख्याकांपैकीच होते. त्यांची वंचना कल्पित होती. तैवानमध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे पुसून टाकलेला भूतकाळ हयात माणसांच्या आठवणीत होता.

२. बेट आणि बँड

१८९५ च्या शिमोनोसेकी तहान्वये चीनच्या छिंग साम्राज्याने तैवान बेट जपानला दिले. १९४५ मध्ये जपानच्या पराभवानंतर ते चियांग कै-शेक यांच्या क्वोमिंतांग सरकारच्या ताब्यात आले. १९४७ च्या फेब्रुवारीअखेर उसळलेला जनक्षोभ या सरकारने निर्घृणपणे चिरडला. १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षे बेटावर लष्करी कायदा होता. शाळांतून शिकवला जाणारा इतिहास हा मुख्य भूमीवरील चीनचा इतिहास होता. बेटाचा स्वतःचा इतिहास हा त्याला जोडलेला तळटिपेएवढा भाग मानला जाई. लष्करी कायदा उठला तेव्हा फ्रेडी लिम हा १९७६ मध्ये जन्मलेला मुलगा शाळेत होता. १९९५ साली त्याच्या पुढाकाराने तैपेई येथे स्थापन झालेला बँड म्हणजे थॉनिक. भूमीच्या पोटातील, पाताळातील असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतलेले आहे.

आपल्याच मातीखाली काय पुरले आहे, याचा शोध हा या बँडच्या कार्याचा प्रारंभापासूनचा विषय राहिला. १९९९ च्या पहिल्या अल्बममध्ये पूर्वजांचे आत्मे आहेत. २००० च्या ‘नाइन्थ एम्पिरियन’मध्ये मूलनिवासींच्या आणि हान स्थलांतरितांच्या देवतांमधील युद्ध आहे. २००२ च्या ‘रिलेंटलेस रिकरन्स’मध्ये दक्षिण तैवानातील लिंतोउ जिए या फसवल्या गेलेल्या स्त्रीच्या पिशाचाची लोककथा आहे. २००३ मध्ये या बँडला ‘गोल्डन मेलडी’ या तैवानमधील प्रतिष्ठित संगीत पुरस्काराने गौरवण्यात आले. दैवतकथा आणि लोककथा या दोन पायऱ्यांनंतर २००५ मध्ये बँड इतिहासाकडे वळला. ‘सीदिक बाले’ हा टीआरए म्युझिक या तैवानमधील छोट्या संस्थेतर्फे निघाला. मोठ्या व्यापारी ध्वनिमुद्रण संस्थांना या विषयात वा या संगीतप्रकारात रस असण्याचे कारण नव्हते. हे स्वातंत्र्य गरजेपोटी आलेले होते. परंतु त्यामुळेच विषयाची निवड बाजारावर अवलंबून राहिली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

३. वुशे, १९३०

जपानी सत्तेला तैवानच्या डोंगरांत रस होता तो प्रामुख्याने कापूर आणि इमारती लाकूड यांसाठी. या जंगलांत राहणाऱ्या जमातींना आटोक्यात आणण्यासाठी विद्युतभारित तारांची संरक्षक रेषा डोंगरांत पुढे पुढे सरकवण्यात आली. गव्हर्नर-जनरल साकुमा सामाता याने १९१० ते १९१४ या काळात डोंगरी जमातींविरुद्ध पंचवार्षिक मोहीमच राबवली. बंदुका जप्त झाल्या. मुंडके आणण्याची आणि चेहरा गोंदवण्याची प्रथा बंद करण्यात आली. सीदिकांच्या दृष्टीने या केवळ चालीरीती नव्हत्या. ‘गाया’ या नावाने ओळखला जाणारा पूर्वजांचा कायदा पाळणाऱ्यालाच गोंदण्याचा अधिकार मिळे. गोंदलेल्या माणसालाच मृत्यूनंतर इंद्रधनुष्याच्या सेतूवरून ‘उतुख’ म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांकडे जाता येई. प्रथा बंद करणे म्हणजे परलोकाची वाट बंद करणे होते.

वुशे हे ठिकाण प्रशासनाच्या लेखी आदर्श वसाहत होते. तेथे शाळा, टपाल कचेरी आणि पोलीस ठाणे होते. या आदर्शाची किंमत मात्र सक्तीच्या मजुरीने मोजली जात होती. शाळेच्या बांधकामासाठी लागणारे लाकूड डोंगरातून खांद्यावर वाहून आणावे लागे आणि मोबदला तुटपुंजा मिळे. जपानी पोलीस अधिकारी राजकीय सोयीसाठी आदिवासी प्रमुखांच्या घरातील मुलींशी विवाह करीत आणि पुढे त्यांना सोडून देत. माहेबो वस्तीचा प्रमुख मोना रुदाओ याची बहीण तिवास हिची हीच गत झाली. मोना रुदाओ स्वतः १९११ मध्ये जपान पाहून आला होता. जपानचे सामर्थ्य त्याला अज्ञात नव्हते, ही बाब उठावाचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

ऑक्टोबर १९३० च्या प्रारंभी एका विवाहप्रसंगी मोना रुदाओच्या मुलाने वाटेने जाणाऱ्या योशिमुरा या पोलिसाला मद्याचा पेला देऊ केला. बळी दिलेल्या जनावराच्या रक्ताने माखलेला तो हात पोलिसाने छडीने झिडकारला. त्यातून झालेल्या मारामारीत पोलिसाला चोप बसला. शिक्षा अटळ होती. २७ ऑक्टोबरला वुशेच्या शाळेत क्रीडासंमेलनासाठी परिसरातील जपानी कुटुंबे जमली असता सहा वस्त्यांतील तीनशेहून अधिक सीदिक योद्ध्यांनी हल्ला केला. त्यात १३४ जपानी मारले गेले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. जपानी पोशाखामुळे दोन हान व्यक्तींनाही चुकून प्राण गमवावे लागले.

प्रत्युत्तर म्हणून सरकारने सैन्य, तोफा आणि विमाने आणली. डोंगरांवर रासायनिक अस्त्रे टाकल्याचा आरोप तेव्हाच झाला आणि तैवान पीपल्स पार्टीने त्याचा निषेध केला. कोणता वायू वापरला याविषयी अभ्यासकांत अद्यापि मतभेद आहेत. तोदा आणि त्रुकु या सीदिकांच्याच अन्य गटांना बक्षिसाचे आमिष दाखवून उठावकर्त्यांची मुंडकी आणण्यास प्रवृत्त करण्यात आले. उठावात सामील झालेल्या वस्त्यांची लोकसंख्या सुमारे १,२०० होती. त्यांतील सहाशेहून अधिक माणसे मेली आणि त्यांपैकी मोठ्या संख्येने, विशेषतः स्त्रियांनी, झाडांना गळफास घेतला. जपानी शिक्षण घेतलेले, हानाओका इचिरो आणि हानाओका जिरो अशी जपानी नावे धारण केलेले दोन सीदिक तरुण याच काळात आत्महत्या करून मेले. नावे भावांसारखी असली तरी ते भाऊ नव्हते. मोना रुदाओने डोंगरात खोलवर जाऊन स्वतःला संपवले. गव्हर्नर-जनरल इशिझुका एइझो याला जानेवारी १९३१ मध्ये पद सोडावे लागले.

यावर पडदा पडला नाही. २५ एप्रिल १९३१ रोजी शरण आलेल्या, निःशस्त्र सीदिकांच्या छावण्यांवर तोदा गटाने हल्ला केला आणि दोनशेहून अधिक माणसे मारली. या ‘दुसऱ्या वुशे घटने’ला जपानी पोलिसांची फूस होती, असे मानले जाते. उरलेल्या २९८ जणांना ६ मे १९३१ रोजी आपल्या डोंगरातून हलवून कावानाकाजिमा या नदीकाठच्या जागी, म्हणजे आजच्या छिंगलिऊ गावी, नेऊन वसवण्यात आले.

४. अल्बममधील आख्यान

‘सीदिक बाले’मध्ये ही कथा वृत्तान्ताच्या पद्धतीने येत नाही. समुद्राच्या श्वासाचे स्मरण करून देणाऱ्या छोट्या वाद्यसंगीताने प्रारंभ होतो आणि त्यानंतरची गीते संघर्ष, रक्तपात आणि मृत्यूनंतरचा प्रवास यांच्याभोवती फिरतात. ‘इंडिजिनस लॅसरेशन’, ‘ब्लडी गाया फुलफिल्ड’, ‘व्हेअर द उतुख अँसेस्टर्स वेट’ या शीर्षकांतूनच आख्यानाची दिशा कळते. भूमिपुत्रांची जखम, रक्ताने पुरा झालेला गायाचा कायदा आणि वाट पाहणारे पूर्वज असा तो प्रवास आहे. येथे उठाव ही शासनाविरुद्धची राजकीय कृती राहत नाही. ती धर्मपालनाची कृती ठरते. इतिहासकार ज्याला ‘पराभव’ म्हणेल त्याला हे आख्यान ‘परतणे’ म्हणते.

ब्लॅक मेटलचे रूप या आशयाला कसे अनुकूल ठरते, हे पाहण्यासारखे आहे. या संगीतात गायकाचा आवाज व्यक्तीचा आवाज राहत नाही. किंकाळीत शब्द विरघळतात आणि कोण बोलत आहे, योद्धा की मृतात्मा, हे सांगता येत नाही. उतुखांच्या जगाविषयी बोलण्यासाठी असा अनामिक आवाज सोयीचा आहे. त्याच्या जोडीला अर्हू हे दोन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य येते. गिटारच्या भिंतीआडून उमटणारा त्याचा विलाप हे थॉनिकच्या संगीताचे ओळखचिन्ह होय.

परंतु याच ठिकाणी पहिली अडचण उभी राहते. अर्हू हे हान परंपरेतील वाद्य आहे. सीदिकांचे स्वतःचे वाद्य म्हणजे ओठांशी धरून वाजवायचे, मोरचंगाच्या जातीचे ‘लुबुव’. गाया आणि उतुख हे सीदिक शब्द गीतांच्या शीर्षकांत मानाने विराजमान झाले असले, तरी कथनाची भाषा सीदिक नाही. फ्रेडी लिम आणि त्याचे सहकारी ज्या समाजातून आले, त्या हान स्थलांतरितांनी जपान्यांच्या कितीतरी आधी मूलनिवासींना सपाट प्रदेशातून मागे रेटले होते. म्हणजे विलाप खरा असला, तरी विलाप करणारा मृताच्या घरचा नाही.

५. वीराचे मालक

वुशेच्या स्मृतीवर हक्क सांगणारा थॉनिक हा पहिला नव्हता. क्वोमिंतांग सरकारने मोना रुदाओला जपानविरोधी चिनी राष्ट्रवीर ठरवले. त्याचा अर्धवट कुजलेला देह उठावानंतर काही वर्षांनी डोंगरात सापडला होता आणि ताइहोकू साम्राज्य विद्यापीठात अभ्यासाचा नमुना म्हणून ठेवण्यात आला होता. तो १९७३ मध्ये वुशे येथे आणून सन्मानपूर्वक पुरण्यात आला. अल्बममधील एका गीताचे शीर्षक ‘क्वासी प्युट्रिफॅक्शन’ म्हणजे ‘अर्धकुजलेपण’ असे आहे. ते वाचताना हा तपशील आठवल्याशिवाय राहत नाही. २००१ मध्ये मोना रुदाओची प्रतिमा तैवानच्या २० डॉलरच्या नाण्यावर आली. यातील विरोधाभास असा, की नाण्यावर चेहरा झळकत असताना त्याची जमात सरकारी यादीत स्वतंत्रपणे अस्तित्वातच नव्हती. सीदिकांची गणना अतायाल जमातीत होत असे. स्वतंत्र जमात म्हणून त्यांना मान्यता मिळाली ती २३ एप्रिल २००८ रोजी, म्हणजे थॉनिकच्या अल्बमनंतर अडीच वर्षांनी.

साहित्यातही ही स्मृती वादग्रस्त राहिली आहे. वू हे या कादंबरीकाराने छिंगलिऊ गावी वास्तव्य करून लिहिलेली ‘युशंग’ (१९९९) ही कादंबरी परिच्छेदांत न विभागता एकाच सलग ओघात वाहते. उठावाला ‘वीरगाथा’ म्हणणे योग्य आहे काय, शाळेच्या मैदानावर मेलेल्या मुलांचे काय, दुसऱ्या वुशे घटनेत मरणाऱ्यांचे आणि मारणाऱ्यांचे वारस आज कसे जगतात, हे प्रश्न ती विचारते. तिचे लक्ष उरलेल्यांकडे आहे. २०११ साली वेइ त-शंग या दिग्दर्शकाचा, अल्बमच्याच नावाचा भव्य चित्रपट आला. तोदा गटाचे चित्रण एकांगी झाल्याच्या तक्रारी त्यानंतर पुढे आल्या.

कादंबरीच्या शेजारी ठेवला असता ‘सीदिक बाले’ या अल्बमची मर्यादा स्पष्ट होते. महाकाव्यसदृश आख्यानाला वीर लागतो, शत्रू लागतो आणि भव्य शेवट लागतो. झाडाला लटकलेल्या स्त्रिया त्या शेवटात सामावतात, कारण त्याही पूर्वजांकडे गेल्या असे म्हणता येते. नदीकाठी नेऊन सोडलेली २९८ माणसे मात्र त्यात सामावत नाहीत. ती इंद्रधनुष्यावरून गेली नाहीत. त्यांनी जपानी भाषा शिकून भातशेती केली.

६. आत्मपरीक्षणाची दुसरी पायरी

या मर्यादेचे भान बँडला होते की नाही, याचे उत्तर त्याच्या पुढील कामातून मिळते. २००९ च्या ‘मिरर ऑफ रिट्रिब्यूशन’मध्ये १९४७ चे हत्याकांड पाताळातील न्यायालयाच्या रूपकातून येते आणि २०११ च्या ‘ताकासागो आर्मी’ने ‘सीदिक बाले’पासून सुरू झालेली त्रयी पूर्ण होते. ताकासागो स्वयंसेवक म्हणजे १९४२ पासून जपानी सैन्याबरोबर फिलिपिन्स, न्यू गिनी इत्यादी ठिकाणी लढण्यास गेलेले तैवानी आदिवासी. त्यांत कावानाकाजिमाचे तरुणही होते. बापाने ज्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, त्याच सत्तेसाठी मुलाने शस्त्र उचलले. मान परत मिळवण्याची जपानने शिल्लक ठेवलेली ती एकच वाट होती, असे याचे स्पष्टीकरण देता येते. या विषयाला हात घालताच मोना रुदाओ ‘जपानविरोधी’ वीर या साच्यात मावत नाही. नाण्यावरचा चेहरा आणि न्यू गिनीच्या जंगलातला सैनिक एकाच घरचे निघतात. पहिल्या अल्बमने जे भव्य केले, ते तिसऱ्याने गुंतागुंतीचे केले. या त्रयीचे खरे मोल तिच्या या अंतर्गत तणावात आहे.

फ्रेडी लिमचे पुढील आयुष्यही या संदर्भात लक्षणीय आहे. २०१० ते २०१४ या काळात तो ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या तैवान शाखेचा अध्यक्ष होता. २०१६ मध्ये तो तैपेईतून संसदेवर निवडून आला आणि २०२० मध्ये पुन्हा निवडून येऊन २०२४ पर्यंत सदस्य राहिला. २०२५ मध्ये फिनलंडमधील तैवानचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली. १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष त्साइ इंग-वेन यांनी राज्यसंस्थेच्या वतीने मूलनिवासींची जी औपचारिक माफी मागितली, ती तो संसदेत असतानाची आहे. या माफीचे श्रेय कोणत्याही अल्बमला देणे भाबडेपणाचे होईल. ते श्रेय मूलनिवासींच्या अनेक दशकांच्या चळवळीचे आहे. परंतु अशी माफी आवश्यक आहे असे बहुसंख्य हान समाजातील एका पिढीला वाटू लागावे, यासाठी जे सांस्कृतिक वातावरण लागते त्यात अशा कलाकृतींचा वाटा असतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

नॉर्वेतील तरुणांनी पूर्वजांच्या नावाने दुसऱ्यांवर आरोप ठेवला. तैवानमधील या बँडने दुसऱ्यांच्या पूर्वजांसाठी शोक केला आणि त्या शोकात आपल्या समाजाचा आरोपी म्हणून असलेला वाटा पहिल्या प्रयत्नात तरी पुरता उच्चारला नाही. संगीतप्रकार एकच, पण दोन्हीकडे स्मृतीचे कार्य वेगळे. पराभूतांची कथा इतरांनी सांगावी काय, या प्रश्नाला ‘सीदिक बाले’ होकारार्थी उत्तर देतो आणि त्या होकाराची अटही स्वतःच्या अपुरेपणातून दाखवून देतो. कथा मृत्यूपाशी थांबवता कामा नये, ही ती अट होय. वुशेची कथा डोंगरातल्या अखेरच्या गोळीपाशी संपत नाही. ती छिंगलिऊच्या भातशेतांत चालू आहे, आणि तेथील माणसे ती आपल्या शब्दांत सांगतील तेव्हा ‘खरा माणूस’ या शब्दांचा अर्थ वीराहून व्यापक निघण्याची शक्यता आहे.